तयार गेमिंग संगणक : विकणाऱ्याने जुळणीचा कागदही द्यावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत तयार गेमिंग संगणकांच्या जाहिराती झळकतात. त्यांत प्रोसेसरचे नाव, ग्राफिक्स कार्डचे नाव, रॅमचा आकडा आणि मासिक हप्त्याची रक्कम ठळक अक्षरांत असते. मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य पट) कोणता, पॉवर सप्लाय कोणत्या कंपनीचा आणि किती वॅटचा, पेटीत हवा कशी खेळते आणि जाहिरातीत छापलेल्या रॅमच्या वेगावर तो संगणक ग्राहकाच्या हाती पडतो की नाही, याविषयी मात्र अवाक्षर नसते. अडीच-तीन लाख रुपये मोजणाऱ्याला एवढी माहिती लेखी मिळावी आणि घेतलेले यंत्र नीट जुळवून वापरण्याची त्याची मुभा हमीच्या अटींनी हिरावून घेतली जाऊ नये, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

सुटे भाग आणून संगणक स्वतः जोडणाऱ्या मंडळींत तयार संगणकाला नाक मुरडण्याची जुनी खोड आहे. मला ती पटत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांसारखी सुट्या भागांची बाजारपेठ ज्यांच्या हाताशी नाही, त्यांनी प्रत्येक भागाचे वेगळे पार्सल मागवायचे, जोडल्यावर संगणक सुरूच झाला नाही तर दोष नेमका कशात आहे हे स्वतः हुडकायचे आणि मग त्या त्या कंपनीच्या सेवा केंद्राचे उंबरठे झिजवायचे, हे नोकरी-धंदा सांभाळून प्रत्येकाला जमणारे नाही. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला होता, तेव्हा रास्त भावात चांगले कार्ड पदरात पाडून घ्यायचे तर ते तयार संगणकासोबतच घ्यावे, असा हिशेब अनेकांनी केला. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमची तीच गत झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिपा वळल्या, भाव भडकले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिपा बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर सर्वसाधारण ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत जुन्या भावाच्या साठ्यातून बांधलेला तयार संगणक सुट्या भागांपेक्षा स्वस्तही पडू शकतो. तेव्हा तो घेणाऱ्याला कोणी वेड्यात काढू नये.

उदाहरणादाखल माझ्याकडील संगणकच घेतो. विमानोड्डाणाचे सिम्युलेटर चालवणे हा माझा निवृत्तीनंतरचा छंद आहे आणि त्यासाठी एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०८० कार्ड आणि ३२ जीबी डीडीआर५ रॅम असलेला तयार संगणक मी घेतला. रॅमचा वेग जाहिरातीत ६००० (मेगाट्रान्सफर प्रतिसेकंद) असा होता आणि रॅमच्या पट्टीवरील लेबलवरही तोच होता. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मधील मेमरीच्या पानावर गेलो, तर वेगाच्या रकान्यात ४८०० हा आकडा होता. माल बनावट होता असे मुळीच नाही. डीडीआर५ रॅम प्रथम सुरू होते ती या उद्योगाने सर्वांसाठी ठरवून दिलेल्या मानक वेगावर, म्हणजे बहुधा ४८०० किंवा ५६०० वर. त्याहून अधिक वेगासाठी लागणारे व्होल्टेज आणि इतर आकडे पट्टीवरच्या एका बारक्या चिपमध्ये नोंदवलेले असतात खरे, परंतु ते लागू करण्याची सूचना कोणीतरी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या मूळ प्रणालीत, जाऊन द्यावी लागते. इंटेलच्या बाजूस या नोंदीला एक्सएमपी म्हणतात. एएमडीने २०२२ मध्ये आपली वेगळी नोंद आणली, तिला एक्स्पो म्हणतात. संगणक सुरू होताना डिलीटची कळ दाबायची, एक पर्याय बदलायचा आणि बदल जतन करून बाहेर पडायचे, एवढेच हे काम आहे. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाला त्यासाठी चहा थंड होऊ द्यावा लागला नसता.

ग्राहकासाठी मात्र तेच काम धास्तीचे ठरते. एक्स्पो सुरू करून बाहेर पडले की पडदा काळा होतो आणि काही मिनिटे काळाच राहू शकतो. पंखे फिरत असतात, मदरबोर्डाच्या कडेला रॅमचा लहानसा सूचक दिवा पेटलेला असतो आणि समोर काहीच उमटत नाही. त्या वेळात मदरबोर्ड नव्या वेगावर रॅमची चाचपणी करीत असतो. डीडीआर५ मध्ये ही चाचपणी पूर्वीच्या रॅमपेक्षा बरीच लांबते. कोणी आधी सांगून ठेवले नसेल, तर यंत्र बिघडले अशा समजुतीने माणूस मागचे बटण बंद करतो, चाचपणी अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी सारे मूळपदावर येते किंवा आणखी घोळ होतो. संगणकासोबत आलेल्या चार रंगी पत्रकात आतील दिव्यांचे रंग कसे बदलावेत यासाठी अर्धे पान खर्ची पडले होते. या काळ्या पडद्यासाठी एक ओळही नव्हती.

या रॅमच्या वेगाने माझ्या संगणकात पडणारा फरक फार मोठा नाही, हेही सांगितले पाहिजे. ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान साठवण, असल्यामुळे तो प्रोसेसर रॅमवर तुलनेने कमी विसंबून असतो. एक्स३डी नसलेल्या साध्या रायझन प्रोसेसरवर तोच फरक खेळताना जाणवेल इतका असू शकतो. तरीही छापलेल्या आकड्याचे पैसे घेतले असतील, तर तो आकडा चालू करून देणे हे विक्रेत्याचेच काम ठरते.

यापुढचा प्रकार अधिक विचित्र आहे. विक्रेत्याच्या मदत केंद्राकडे याबाबत विचारणा केली असता, 'बायोसमध्ये काहीही बदल केल्यास हमी लागू राहणार नाही' असे उत्तर मिळाले. आता तांत्रिक वस्तुस्थिती पाहा. या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे मान्य केलेला रॅमचा वेग ५६०० आहे. त्यापुढचा वेग एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापलीकडे चालवण्यात, मोडतो आणि त्यातून होणारे नुकसान तिच्या हमीत बसत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर विक्रेता माल खपवतो, तो आकडा ग्राहकाने गाठला की विक्रेता हमीतून मोकळा, आणि नाही गाठला तर ग्राहकाने न मिळालेल्या गोष्टीचे पैसे भरलेले. दोन्हीकडून विक्रेत्याचेच फावणारा हा व्यवहार ग्राहकाच्या अज्ञानावर चालतो. ज्याने ६००० छापले त्यानेच तो वेग चालू करून, तपासून द्यावा आणि त्या स्थितीतील यंत्राची हमीही त्यानेच घ्यावी, यात अवाजवी असे काही नाही.

रॅमबद्दल आणखी एक गोष्ट लेखी सांगितली गेली पाहिजे. पुढेमागे रॅम वाढवायची म्हणून १६ जीबीच्या दोन पट्ट्यांशेजारी तशाच आणखी दोन बसवाव्यात, असे कोणालाही सहज वाटेल. रिकाम्या दोन खाचा समोर दिसत असतातच. परंतु माझा प्रोसेसर ज्यात मोडतो त्या रायझन ९००० मालिकेत चारही खाचा भरल्या की अधिकृत वेग ५६०० वरून थेट ३६०० वर उतरतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेग मिळूही शकतो, पण तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. वाढवायचीच असेल तर मोठ्या दोन पट्ट्यांची नवी जोडी घ्यावी लागते, आणि आजच्या भावात ही माहिती खरेदीनंतर कळणे फार महाग पडते.

पडदा जोडण्याच्या बाबतीतही असाच एक सापळा आहे. अलीकडच्या रायझन प्रोसेसरांत लहानसे ग्राफिक्स अंगभूत असल्यामुळे मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डाच्या खाचेत लावली तरी चित्र व्यवस्थित दिसते, आणि लाखभर रुपयांच्या कार्डाचा पुरता उपयोग होत नसल्याचे मालकाच्या ध्यानीही येत नाही. १६५ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला आढळणे, हे तर नित्याचेच.

मी नागपुरात राहतो, त्यामुळे उष्णतेचा मुद्दा जरा विस्ताराने मांडतो. संगणकांची परीक्षणे साधारणपणे २० ते २५ अंश तापमानाच्या खोलीत केलेली असतात. यंत्रातील भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते. त्यामुळे तिकडे ७० अंशांवर राहणारा भाग मे महिन्यात आमच्याकडे ३८ अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात पोहोचतो. ९८००एक्स३डी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि तिच्या जवळ पोहोचल्यावर तो आपला वेग आपणच आवरतो, म्हणून तो जळण्याची भीती फारशी नाही; पण पैसे ज्या वेगाचे मोजले तो उन्हाळ्यात मिळत नाही आणि पंख्यांचा आवाज डोके उठवतो. त्यातून दर्शनी भागाला अखंड काच असलेल्या पेट्यांची सध्या चलती आहे. काचेमागे तीन झगमगते पंखे असतात आणि त्यांना हवा मिळते ती कडेच्या बोटभर फटीतून. अशा पेटीत प्रोसेसरचा कितीही महाग कूलर बसवला तरी तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळत राहतो. माझा सल्ला असा, की जाळीदार पुढचा भाग असलेलीच पेटी घ्यावी, मग ती दिसायला थोडी डावी असली तरी चालेल.

विदर्भातील वाचकांसाठी एक सूचना मुद्दाम करतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थेट संगणकावर सोडू नये. त्या झोतातून पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या जड पाण्यातील क्षार पंख्यांवर, रेडिएटरच्या पात्यांवर पांढरे थर धरतात. त्यावर धूळ बसली की ती फुंकरीने निघत नाही.

पंख्यांची जुळणी हीसुद्धा विक्रेत्याने करून द्यावी अशीच गोष्ट आहे. रायझन प्रोसेसरचे तापमान एखादे पान उघडले तरी क्षणात दहा-पंधरा अंशांनी उसळते आणि लगेच उतरते. कारखान्यातून आलेल्या जुळणीत पंखे त्या प्रत्येक उसळीमागे धावतात आणि शांत खोलीत घरघर सतत चढत-उतरत राहते. बायोसमध्ये पंख्यांना काही सेकंद उशिराने प्रतिसाद द्यायला सांगितले आणि ६० अंशांपर्यंत त्यांचा वेग स्थिर ठेवला, की हा त्रास जवळजवळ संपतो. यात ओव्हरक्लॉकिंग नाही, जोखीम नाही आणि खर्चही नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर वेग वाढवण्यापेक्षा वीज कमी करणे हीच खरी जुळणी आहे, असे माझे मत झाले आहे. आरटीएक्स ५०८० ची वीजमर्यादा ३६० वॅट आहे. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत साधनाने ती ३०० च्या आसपास आणली, तर फ्रेमरेट (सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची संख्या) काही टक्क्यांनीच उतरतो, आणि खेळताना तो उतार डोळ्यांना कळतही नाही. कार्ड मात्र थंड राहते आणि आवाज कमी होतो. प्रोसेसरला एएमडीच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीतून थोडे कमी व्होल्टेज देता येते, मॉनिटर १६५ हर्ट्‌झचा असेल तर फ्रेमरेट १६० च्या आसपास बांधून टाकता येतो. पण एका वेळी एकच बदल करावा, ओसीसीटीसारख्या ताण देणाऱ्या चाचणी-प्रोग्रॅमने तो तासभर तपासावा आणि मगच पुढचा हाती घ्यावा. व्होल्टेज कमी केलेला संगणक चाचणीत तरतो आणि दोन दिवसांनी काहीच चालू नसताना बंद पडतो, असेही घडते. आणि चार फ्रेम वाढतात म्हणून विंडोजमधील सुरक्षेची कवचे काढून टाकण्याचे सल्ले सर्रास दिले जातात, ते ऐकू नयेत. त्याच यंत्रावर आपण बँकेचे व्यवहारही करतो.

हा हिशेब वीजबिलातही दिसतो. असा संगणक पूर्ण ताकदीने चालताना भिंतीतून सुमारे ५०० वॅट ओढतो. रोज चार तास खेळल्यास दोन युनिट, महिन्याला साठ. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात. कूलर-पंख्यांनी आधीच टप्प्याच्या काठावर आणून ठेवलेल्या घरात हे साठ युनिट वरच्या दराने मोजले जातात. शिवाय ते सगळे ५०० वॅट अखेरीस उष्णता होऊन खोलीतच उतरतात, हा भर उन्हाळ्यातला वेगळाच भुर्दंड.

विजेच्या जोडणीबद्दल थोडक्यात लिहितो. आरटीएक्स ४०९० कार्डांच्या सोळा पिनी जोडणीचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी ऑक्टोबर २०२२ पासून जगभर आल्या. प्लग पुरता आत न बसणे हे त्यामागचे एक मुख्य कारण असल्याचे एनव्हिडियाने तेव्हा सांगितले होते, आणि पुढे त्या कनेक्टरची रचनाही सुधारण्यात आली. तयार संगणक ट्रकमधून शेकडो किलोमीटर हिंदकळत येतो. म्हणून पहिल्यांदा चालू करण्याआधी बाजूची काच उघडून हा प्लग फट न राहता बसला आहे ना, केबल त्याच्या तोंडाशीच करकचून वाकलेली नाही ना आणि वाहतुकीसाठी आत भरलेला फोम काढला आहे ना, हे पाहणे ही सुरक्षिततेची किमान गरज आहे. अशा वेळी काचेच्या स्क्रूवर 'काढल्यास हमी रद्द' असे चिकटपत्र लावून ठेवणारे विक्रेते ग्राहकाला आगीच्या शक्यतेकडे डोळेझाक करायला सांगत असतात, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. घरातील इन्व्हर्टरवर संगणक लावणाऱ्यांनी तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का आणि 'यूपीएस' स्थितीत (वीज जाताच झटकन बॅटरीवर येणाऱ्या) ठेवला आहे का, हेही पाहून घ्यावे. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर या पॉवर सप्लायना मानवत नाही.

'घेतला, लावला, विसरलो' असे या यंत्रांचे नसते, हे गेल्या काही वर्षांतील दोन प्रकरणांनी दाखवून दिले आहे. २०२३ च्या वसंतात रायझन ७००० मालिकेतील एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक वगैरे भागाला मिळणारे व्होल्टेज) १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारे बायोस तातडीने वितरित केले. २०२४ मध्ये इंटेलने आपल्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेमागे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज असल्याचे मान्य केले, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरमधील अंतर्गत सूचनांच्या, दुरुस्त्या आणल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. या दुरुस्त्या पुढील झीज रोखतात. झालेली झीज भरून काढत नाहीत. दोन्ही दुरुस्त्या ग्राहकापर्यंत पोहोचल्या त्या बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून. मग बायोसला हात लावल्यास हमी संपते असे सांगणारा विक्रेता आपल्या जुन्या ग्राहकांना या आवृत्त्या कशा पोहोचवणार आहे? मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी कोणालाही विक्रेत्याकडून साधा संदेशही आलेला नव्हता.

बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करावे. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्यावी, कारण अलीकडचे विंडोज ११ डिस्क परस्पर कुलूपबंद करून ठेवते आणि बायोस बदलल्यावर तीच किल्ली मागते. नवी आवृत्ती चढली की एक्स्पो, पंखे, व्होल्टेज, सगळ्या जुळण्या पुसल्या जातात. सेवा केंद्रातून दुरुस्त होऊन परतलेल्या संगणकातही बहुधा हेच झालेले असते. जुन्या जुळणीचा कागद हाती असेल तरच ती पुन्हा बसवता येते.

म्हणून माझी मागणी त्या कागदाची आहे. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, रॅम आणि एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) यांची कंपनी व मॉडेल क्रमांक, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड सर्वसामान्य आकाराचे आहेत की फक्त त्याच कंपनीच्या पेटीत बसणारे, बायोसची आवृत्ती, रॅम चालू करून दिलेला वेग, अर्धा तास पूर्ण ताणावर चालवल्यानंतरचे प्रोसेसर व कार्डाचे तापमान आणि त्या वेळचे खोलीचे तापमान, एवढे एका पानावर सहीशिक्क्यासह मिळावे. त्याच पानावर कोणते बदल हमीत बसतात आणि कोणते नाहीत, हेही स्पष्ट असावे. पंखे, वीजमर्यादा, धूळ काढण्यासाठी पेटी उघडणे आणि कंपनीनेच दिलेली बायोस आवृत्ती या गोष्टी हमीबाहेर ढकलू नयेत.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या गुणवत्तेची आणि दर्जाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे, आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा समावेश आहे. तयार गेमिंग संगणकांचे विक्रेतेही तेथे आपली हमीची कलमे आणि सुट्या भागांची माहिती नोंदवतील असे पाहणे ग्राहक व्यवहार विभागाला अवघड नसावे. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या राज्यात रुजली, तेथील ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा, आणि आपणही आपल्या दैनिकातून विक्रेत्यांना या कागदाबद्दल जाहीरपणे विचारावे, अशी विनंती आहे. तोवर वाचकांनी पैसे देण्यापूर्वी दुकानातच टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग पाहावा, पॉवर सप्लायचे नाव पावतीवर लिहून मागावे, आणि दुकानदार टाळाटाळ करू लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर